आजोबांचं धोतर आणि मेंदूचा हिशेब

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. सासऱ्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या डोळ्याने त्यांना धोतर पांढरंशुभ्र दिसतं आणि दुसऱ्याने पिवळट. त्यावर बारावीतल्या लेकीने विचारलं, "मग इतकी वर्षं आजोबांना ते पिवळं का नाही वाटलं?" तेव्हापासून तिने मेंदूवर संशोधन करायचं डोक्यात घेतलंय. गणित तिने अकरावीतच सोडलंय, आणि मेंदूचंच वेड आहे तर सरळ एमबीबीएस का नको, असं तुम्ही विचारता.

ताई, तिचा प्रश्न अस्सल आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा प्रकाश अडवतं. मेंदू तेवढी वजावट करून पांढऱ्याला पांढरंच मानत राहतो. नवं भिंग बसलं की जुना हिशेब चुकतो, आणि तो पुन्हा जुळायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. हा हिशेब मेंदू कसा मांडतो, याचा शोध म्हणजेच कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स.

पवन सिन्हांचं काम तिला जरूर वाचायला द्या. दिल्लीच्या आयआयटीतून कॉम्प्युटर सायन्स शिकलेला हा माणूस आज अमेरिकेत एमआयटीमध्ये दृष्टी आणि मेंदू यांवर संशोधन करतो. त्यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मधून भारतातल्या जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर उपचार होतात, आणि पाहायला शिकताना मेंदूत काय घडतं याचा अभ्यासही होतो. आंधळ्याला दृष्टी आली, तर हाताने ओळखीची झालेली वस्तू तो नुसती बघून ओळखेल का, असा प्रश्न आयरिश विचारवंत मॉलिनो यांनी 1688 मध्ये लॉक या तत्त्वज्ञाला पत्रातून विचारला होता. सिन्हांच्या गटाने त्याचं उत्तर 2011 मध्ये प्रसिद्ध केलं. 8 ते 17 वयाची पाच मुलं होती. ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत त्यांना ठोकळे दिले. पाहिलेला ठोकळा पुन्हा पाहून ती 92 टक्के वेळा ओळखत; हाताने चाचपलेला पाहून ओळखायचा म्हटलं, तर 58 टक्के, म्हणजे दोनांतून एक निवडताना जवळजवळ अंदाजपंचेच. पुढे थोड्याच दिवसांत मात्र त्यांना ते जमू लागलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात आधी मुलांना दृष्टी मिळाली.

एमबीबीएस करूनही या वाटेला येता येतं. प्रसिद्ध मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि मग केंब्रिजला पीएचडीला गेले. पण मुलीला रुग्ण तपासायचेच नसतील, तर केवळ सुरक्षित म्हणून 'नीट' ही प्रवेशपरीक्षा आणि एमबीबीएसची साडेपाच वर्षं तिच्या माथी मारू नका.

सरळ रस्ता पुण्यातही आहे. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत बीएस-एमएसचा (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित असे चारही विषय येतात. किंवा बीएस्सी करून आयआयटी गांधीनगर नाहीतर अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्सची एमएस्सी. पुढे पीएचडीला बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) आहे, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. पीएचडीत पाच-सहा वर्षं जातात. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि घरभाडं. पीएचडीनंतर पोस्टडॉक, म्हणजे काही वर्षांचं तात्पुरतं संशोधन. कायमच्या नोकरीपर्यंत पस्तिशी येते, हे घरात आत्ताच बोलून घ्या.

गणिताचं मात्र मी स्पष्ट सांगतो: ते सुटणार नाही. मेंदूतले विद्युत संदेश टिपणारा ईईजी असो वा मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारा एफएमआरआय स्कॅन, हाती येतात ते आकडे. संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकाची भाषा यांत या संशोधकांचा निम्मा दिवस जातो. तिने गणिताची धास्ती घेतली असेल, तर ती आधी घालवायला हवी.

म्हणून तिला एक काम द्या. कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे एकटक बघायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका डोळ्याच्या अंधबिंदूवर, म्हणजे न दिसणाऱ्या जागी येतो आणि गायब होतो. घरातल्या, शेजारच्या वीस जणांचं अंतर प्रत्येकी पाच वेळा मोजून तिने वहीत लिहावं. मग सरासरी काढावी, कुणाचे आकडे जास्त का हलले ते शोधावं. दुसऱ्या दिवशीच कंटाळली, तर ती आवड अजून गोष्टीपुरतीच आहे. शंभर मोजमापं होऊनही नवे प्रश्न काढत राहिली, तर आयसरचा अर्ज भरा.

आणि हो, आजोबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी तिला रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून ठेवायला सांगा. कुठली पट्टी कुठल्या डोळ्याने कशी दिसते, ते आजोबांना आत्ताच विचारून तारखेसह लिहून ठेवू दे. ऑपरेशन झाल्यावर ही तुलना पुन्हा करता येणार नाही.