सर्व्हरचा डेटा ठेवायचा कुठे?

प्रश्न : वाचनालयाच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर स्कॅन केलेले दिवाळी अंक माझ्याच /होम फोल्डरमध्ये आहेत. चालेल का? – ग्रंथपाल, सांगली

उत्तर : नको हो! वाचकांसाठी तुमचं खासगी फोल्डर उघडं का टाकायचं? आणि उद्या तुमचं खातं बंद झालं, तर अंकांचं काय? ते /एसआरव्ही मध्ये हलवा. सर्व्हरने लोकांना पुरवायच्या डेटासाठीच ही जागा २००४ च्या एफएचएस २.३ मध्ये (लिनक्समध्ये कोणतं फोल्डर कशासाठी, हे सांगणाऱ्या मानकात) आली. आतली मांडणी सर्वस्वी तुमची. मी वर्षवार लावली असती. मात्र डेबियनमध्ये अपाचेच्या (वेबवर फाइली पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मुख्य कॉन्फिगरेशन फाइलीत /एसआरव्ही च्या ओळींपुढे # असतो, म्हणजे त्या ओळी लागू नसतात. तो काढून अपाचे रीलोड करा, नाहीतर वाचकांना ४०३ (प्रवेश नाकारला) ही त्रुटी दिसेल. अंकांच्या सूचीचा डेटाबेस मारियाडीबी या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर तो /व्हार/लिब/मायएसक्यूएल मध्येच राहू द्या. बॅकअप दोन्हींचा घ्या. डेटाबेसचा मात्र डंप (सगळ्या नोंदी फाइलीत उतरवलेली प्रत) काढूनच.