बंब उशिरा आला, पण वेळ नेमका कुठे गेला?

तुम्ही लिहिलंय, तुमच्याकडे आग लागली, अग्निशमन दलाचं स्टेशन दीड किलोमीटरवर आणि बंब आला २२ मिनिटांनी; आता तक्रार कुणावर करायची? वाचून पोटात गोळा आला. आमच्या जिन्याखालच्या मीटरच्या खोलीला आग लागली तेव्हा मीही असाच तावातावाने विचारत फिरत होतो. उत्तर नंतर मिळालं आणि ते मला फारसं शोभणारं नव्हतं.

फोन मीच केला होता. इमारतीचं नाव, 'आग लागलीय, लवकर या', खाड्कन फोन बंद. पलीकडचा माणूस 'रस्ता कुठला?' विचारत होता, ते कानावर पडलं होतं तरीही. त्याच नावाची दुसरी इमारत त्याच भागात होती. बंब वेळेत पोचला, पण तिथे. मी तोवर भावाला फोन लावत बसलो होतो, म्हणून नियंत्रण कक्षाचा उलटा फोन लागेना. रात्री मोबाईल बघितला तर एकाच नंबरचे चार मिस्ड कॉल. अकरा मिनिटं गेली होती.

दुसरं म्हणजे, जवळचं स्टेशन म्हणजे जवळची गाडी असं नसतं. ती दुसऱ्या वर्दीवर (म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या खबरीवर) गेली असेल तर नियंत्रण कक्ष पुढच्या स्टेशनची गाडी काढतो. शिडीची गाडी आणि रेस्क्यू व्हॅन तर प्रत्येक स्टेशनात नसतेच. कोणी अडकलंय का, किती मजले, काय जळतंय, हे ते विचारतात ते याचसाठी. लोकांना वाटतं, टाइमपास चाललाय. अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं पगारी दलांसाठी १७१० नावाचं मानक आहे, त्याच्या २०२० च्या आवृत्तीत म्हटलंय: आगीच्या वर्दीवर ८० सेकंदांत गाडी बाहेर, पुढच्या २४० सेकंदांत पहिली गाडी जागेवर. पण हे घड्याळ स्टेशनला वर्दी मिळाल्यावर सुरू होतं. माझ्यासारख्याने घातलेला घोळ त्यात धरलेला नसतो.

आल्यावर 'नुसते बघत उभे आहेत' म्हणून आमच्याकडेही आरडाओरडा झाला. पहिला अधिकारी आधी चक्कर मारून अंदाज घेतो, मग माणसं आत पाठवतो; जोडीने, आणि बाहेर तयार जोडी ठेवून. गाडीतलं पाणीही पुरून पुरून किती पुरणार? दोन हजार लिटरची टाकी आणि मिनिटाला चारशे लिटर सोडणारा एक होज, म्हणजे पाच मिनिटं. हायड्रंटवर (बंबाला पाणी पुरवणाऱ्या रस्त्यावरच्या नळावर) स्कूटर लावणाऱ्यांना माझे मनापासून शिव्याशाप.

यानंतर चीड आली ती एका कार्यालयाची. नाव घेत नाही, अग्निशमन दलाचं नव्हतं एवढंच सांगतो. पत्त्यांच्या यादीत आमची इमारत वेगळी दिसावी म्हणून अर्ज केला. तिथे म्हणाले, आगीचा दाखला जोडा. दाखला आणला, तर त्यावर पहिल्या वर्दीप्रमाणे दुसऱ्या इमारतीचा पत्ता! टेबलावरच्या बाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "ही इमारत तुमची नाही, तुम्हाला अर्ज करता येणार नाही." आठ खेपा झाल्या. शेवटी आम्हीच फाटकावर रस्त्याच्या नावासकट मोठी पाटी लावली. माझं प्रामाणिक मत: यादी सुधारायची वाट बघू नका, पाटी लावा.

मी दलातला नाही, शहरागणिक पद्धत बदलते, तेव्हा हे अनुभव म्हणूनच घ्या. तक्रारीआधी वर्दीच्या नोंदीची प्रत मागा. फोन कधी आला, स्टेशनला कधी कळवलं, गाडी कधी निघाली, कधी पोचली, या चार वेळा हव्यात. आणि फोन कुणी केला, काय सांगितलं, तेही घरात शांतपणे विचारा. (तुमच्याकडेही आग विजेच्या मीटरची असेल तर तिच्यावर कोणी पाणी ओतलं नाही ना? आमच्याकडे एकजण बादली घेऊन निघालाच होता.)

त्या चारही वेळा मिळाल्या की कळवा, बावीसपैकी किती मिनिटं गाडी रस्त्यावर होती ते बघू.