ट्रंक उचलणं ‘तुमचं काम नव्हतं’?

इंदूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं: “शहराबाहेरच्या एका निवासी शाळेत नऊ वर्षं आहे. नेमणूकपत्रावर ‘मिनीबस चालक’ लिहिलंय, पण हमालीही मीच करतो. दिवाळीची सुटी संपवून मुलं परतली तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात, स्टेशनावरून त्यांना घेऊन आलो. गाडीच्या टपावरच्या ट्रंका होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर नेताना जिन्यात पाय सरकला आणि मणक्याची गादी सरकली. डॉक्टर म्हणतात, आता वजन उचलायचं नाही आणि फार वेळ बसून गाडीही चालवायची नाही. दोन महिने पगार बंद आहे. ऑफिस म्हणतं, सामान उचलणं तुमचं काम नव्हतं, तुम्ही आपणहून उचललंत. २५ हजार घ्या, स्टॅम्पपेपरवर आणि राजीनाम्यावर सही करा, महिनाअखेर खोली सोडा. वय ४०, पगार १६,५००. काय करू?”

भाऊ, राजीनाम्यावर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्यापुढे ठेवलेले दोन कागद एकसारखे नाहीत. स्टॅम्पपेपरवर बहुधा असं असेल की २५ हजार मिळाले, आता भरपाईबद्दल माझी काही तक्रार नाही. कर्मचारी भरपाई कायदा १९२३, कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल असतो, स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा. राजीनाम्याला मात्र असं कवच नाही. तो एकदा दिलात की नोकरी गेली आणि नोकरीपायी मिळालेल्या खोलीवरचा हक्कही गेला. मग ‘दबाव होता’ हे सिद्ध करत बसायचं तुम्हाला. म्हणूनच दोन्ही कागद एकाच वेळी पुढे सरकवले जातात. पंचवीस हजारांकडे बघता बघता माणूस दुसऱ्या कागदावरही सही करून मोकळा होतो.

आता ‘तुमचं काम नव्हतं’ याकडे येऊ. तुमची दुखापत पहिल्या आठवड्यातली आणि नव्या चार श्रम संहिता लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ला. त्यामुळे या दाव्याला जुना १९२३चाच कायदा लागेल. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात भरपाईला पात्र कामगारांची यादी आहे. तिच्या पहिल्याच नोंदीत यंत्रावर चालणारं वाहन चालवणारा आणि त्याच वाहनात सामान चढवणारा-उतरवणारा, दोघंही एकाच वाक्यात आहेत. कायदा लिहिणाऱ्यांना केव्हाच कळलं होतं की गाडीवरचा माणूस नुसतं स्टिअरिंग धरून बसत नाही. ऑफिसला ते अजून कळायचंय. ट्रंक तुमच्या गाडीवरून उतरली, शाळेच्या मुलाची होती, शाळेच्या होस्टेलमध्ये जात होती. नेमणूकपत्रावर एक शब्द कमी आहे म्हणून ती तुमची खासगी हौस ठरत नाही.

‘आपणहून’ या शब्दाला उत्तर मात्र पुराव्याने द्यावं लागेल. वॉर्डनचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. ‘गाडी लागली का? सामान वर घ्या’ अशा मेसेजचे फोटो आजच काढा, ग्रुपमधून काढून टाकायला एक बोट पुरतं. गाडीचं लॉगबुक आणि गेटवरचं रजिस्टर यांतल्या त्या दिवसाच्या पानांचेही फोटो घ्या. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की दवाखान्यात सोबत वॉर्डन होते आणि बोलले तेच. ओपीडीचा कागद नीट वाचा. त्यावर ‘घरी जिन्यावरून पडले’ असं असेल तर मला नवल वाटणार नाही. असे कागद मी पाहिलेत. रुग्ण कण्हत असतो, सोबतचा माणूस बोलतो आणि डॉक्टर ऐकलेलं लिहून घेतात. तसं असेल तर त्यावर खाडाखोड करू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्वतः सांगा की कामावर, ट्रंक नेताना पडलो, आणि त्या दिवशीच्या नोंदीत ते लिहून घ्या. जिन्यात मागे ट्रंकेचं दुसरं टोक धरलेला कोणी असेल तर त्याचं नाव आत्ताच टिपून ठेवा.

पैशांचं बोलण्याआधी पगाराची पावती काढा. तिच्यात ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणून पाऊण टक्का, तुमच्या पगारावर साधारण १२४ रुपये, कपात दिसते का? दिसत असेल तर रस्ता वेगळा. मग भरपाई शाळेकडून नाही, ईएसआय महामंडळाकडून घ्यायची. दोन्हीकडून घेता येत नाही.

कपात नसेल तर हिशेब असा. कायम अपंगत्व आल्यास महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. पगार १५,००० पर्यंतच धरतात, म्हणजे ९,०००. चाळीसाव्या वर्षाचा गुणांक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. कमाईची क्षमता २० टक्के गेली असं डॉक्टरांनी दिलं तर ३,३१,५०६. इथे शाळेचा वकील ‘पाठीला फक्त २० टक्के’ म्हणेल, तेव्हा १९७६ साली छापून आलेला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल तुमच्या वकिलाने पुढे ठेवावा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. कोर्टाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे त्याच्यापुरतं अपंगत्व पूर्णच. बघायचं ते शरीर किती टक्के गेलं हे नाही, तो करत होता ते काम होतं की नाही हे. तुमचं काम दोनच गोष्टींचं, बसून चालवणं आणि उचलणं. दोन्हींना डॉक्टरांनी मनाई केलीय. पूर्ण रक्कम मिळेलच असं मी म्हणत नाही, पण वीस टक्क्यांवर गप्प बसायचं कारण नाही. इंदूरच्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातून प्रमाणपत्र घेताना नेमकं काय काम करत होतात ते सांगा. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, त्यामुळे बिलं जपा. महिनाभरात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज लागतं आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

आणि तो २५ हजारांचा उदारपणा! १६,५०० हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून असेल तर नऊ वर्षांची नुसती ग्रॅच्युइटी १६,५०० × १५ ÷ २६ × ९, म्हणजे ८५,६७३ रुपये होते. भरपाईशी तिचा संबंध नाही. नोकरी कशीही संपली तरी ती द्यावीच लागते, फक्त गंभीर गैरवर्तनासारखे अपवाद सोडून. इथे तसं काही नाही.

काढून टाकलंच तर? शाळा म्हणेल, आम्ही काही कारखाना नाही, नोकरी वाचवणारे कामगार कायदे आम्हाला लागत नाहीत. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचा दावा सुप्रीम कोर्टात याच मुद्द्यावर फेटाळला गेला होता. १९७८ साली सात न्यायाधीशांनी तो निकाल पुसला. नव्या संहितेत धर्मादाय संस्थांना सूट आहे, तिच्या आडोशाला शाळा जाईल, तेव्हा भांडण लांबेल. भरपाईच्या दाव्याला मात्र या वादाचा स्पर्श नाही.

या आठवड्यात एक पान लिहा, हिंदीतच, कारण ऑफिस हिंदीतच चालतं. तारीख, वेळ, कुठला जिना, कोणी सांगितलं, काय झालं. राजीनामा देत नाही, बरा होईपर्यंत रजेवर आहे, एवढंही त्यात घाला. स्पीड पोस्टाने प्राचार्यांना पाठवा आणि पावती प्रत्येक कागदासोबत ठेवा. दावा दोन वर्षांत, म्हणजे नोव्हेंबर २०२७च्या आत, भरपाई आयुक्तांपुढे लावायचा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो. जाताना वहिनींना सोबत न्या. ते सगळे कागद तुम्हाला उचलता येणार नाहीत आणि जिने तिथेही आहेत.