उत्तर: मित्र टिकत नाहीत आणि हॉलचा अर्ज परत आलाय

भाऊ, पटावरचे खेळ खेळायला हॉल मागणाऱ्या तुमच्या अर्जावरचा शेरा वाचला, "खेळाचे स्वरूप व पैशाचा संबंध याबाबत खुलासा करावा", आणि हसावं की चिडावं कळेना. परभणीत आमच्या अर्जावर जवळपास हेच वाक्य पडलं होतं. लातूरहून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: मित्र दोन डावांत का पळतात, बुद्धिबळाशिवाय पहिला पट कोणता घ्यावा, आणि रविवारी खेळायला सार्वजनिक हॉल कसा मिळवावा. तिसऱ्या गोष्टीवर मी गरजेपेक्षा जास्त बोलणार आहे, आधीच सांगतो. फासे नाहीत, झाकलेली पानं नाहीत, दोघांसमोर सगळं उघडं असे हे दोघांचे खेळ, एवढी तोंडओळख तुम्हाला आहेच, ती सोडून देतो.

मित्रांचं आधी. लुडोत हरलेला फाशाला शिव्या घालतो, रमीत हरलेला पानांना. गो (काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर जागा घेरायचा खेळ) नाहीतर हेक्समध्ये (षटकोनी घरांच्या पटावर कडा जोडायचा खेळ) शिव्या घालायला कुणी सापडत नाही. मला ओढ लागली ती यामुळंच. हरलो तर कुठं हरलो ते पटावर बोट ठेवून दाखवता येतं आणि पुढच्या डावात तिथंच वेगळं खेळून बघता येतं. पण हे सुख दोघं तोडीस तोड असतील तोवरच. कायम हरणाऱ्याला तेच बोट नकोसं वाटतं. मित्र "तुझं डोकं लै चालतं बाबा" म्हणायला लागला की ओळखायचं, हा पुढच्या रविवारी येत नाही.

यावर उपाय आहेत, लोक मानापमानापायी वापरत नाहीत. गोमध्ये कच्च्या खेळाडूला आधीच काही सोंगट्या पटावर मांडून देतात, 19 बाय 19 च्या मोठ्या पटावर साधारण 9 पर्यंत, आणि तरी डावाची चव बिघडत नाही. बुद्धिबळात वजीर काढून खेळलं तर खेळच वेगळा होतो, म्हणून तिथं मी घड्याळ लावतो, समोरच्याला 15 मिनिटं आणि मला 4. वाघ-बकरीत तर बाजूच मुळात असमान असतात. नेपाळचा बाघचाल घ्या. 25 बिंदूंचा पट, कोपऱ्यांत 4 वाघ, हातात 20 बकऱ्या. सगळ्या बकऱ्या मांडून होईपर्यंत एकही हलवता येत नाही आणि 5 बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. नवशिका पहिल्याच बकऱ्या मधोमध टाकतो आणि वाघ उडी मारून खातो. जाणता माणूस कडेकडेनं मांडत येतो, कारण कडेच्या बकरीवरून उडी फक्त कडेनंच बसते, आणि वाघानं सोडलेल्या कोपऱ्यात बकरी बसली तर तिच्यावरून उडी मारताच येत नाही. एक डाव तुम्ही वाघ, एक डाव मित्र वाघ, आणि कुणाच्या किती बकऱ्या गेल्या तेवढं लिहून ठेवा. हरणाऱ्यालाही गेल्या वेळेपेक्षा दोन बकऱ्या कमी गेल्याचं दिसतं, तो परत येतो.

आता तो हॉल. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथली माणसं बदललीत आणि मला परत त्या जिन्यानं चढायचं नाही. सभागृहाला लागून एक खोली होती, आठवडाभर कुलपात. आत दोन टेबलं, एक पंखा आणि धूळ. शेजारच्या खोलीत कॅरम खुशाल चालायचा. आम्ही रविवारी संध्याकाळचे दोन तास मागितले. साहेब म्हणाले, "बुद्धिबळ असंल तर संघटनेचं पत्र आणा. बुद्धिबळ नसंल तर मग नेमकं काय खेळायलेत तुम्ही?" हेक्सचा पट उलगडून टेबलावर ठेवला. त्यांनी तो उभा-आडवा फिरवून बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "याच्यावर आकडा कुठं लावायचा?" त्यांच्या डोक्यात मटका होता! मग फर्मान निघालं, हा जुगार नाही असं पोलीस ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यात म्हणाले, जुगार चालतो अशी तक्रार असंल तर लिहून घेतो, चालत नाही असं लिहून द्यायचा आमच्याकडं नमुनाच नाही. परत आलो तर साहेब निवडणुकीच्या कामावर. त्यांच्या जागी आलेले म्हणाले, मागचा अर्ज मला माहीत नाही, नव्यानं करा.

मी वकील नाही, हा कायदेशीर सल्ला समजू नका. पण महाराष्ट्रातल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं 13 वं कलम सरळ सांगतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू होत नाही. आम्ही त्या कलमाची झेरॉक्स जोडली. फाइल एका पानानं जाड झाली, बाकी काही नाही.

या हेलपाट्यांत पैसे फार गेले नाहीत, माझा जोडीदार गेला. एसटीतून निवृत्त झालेले एक काका होते. गो आम्ही दोघं बरोबरच शिकलो. मला हल्ल्याची घाई असते हे त्यांना पाठ होतं, ते मुद्दाम एक बाजू मोकळी सोडायचे आणि मी तिकडं धावलो की मागचं दार लावून घ्यायचे. त्यांच्या घरी बसायचं म्हटलं तर सुनेला चहापाण्याचा त्रास म्हणून संकोचायचे, माझ्या घरी पोरांचे अभ्यास. हॉल मिळाला की नीट बसू, असं म्हणत राहिले आणि तो मिळायच्या आधीच मुलाकडं पुण्याला गेले. मोबाइलवर अजून खेळतो आम्ही. पण सोंगटी ठेवताना त्यांचा हात पटावर जरा थांबायचा आणि मला कळायचं की यांनी बघितलं, ते स्क्रीनवर कुठून दिसणार?

ऑनलाइनला नावं ठेवत नाही. लिचेस ही बुद्धिबळाची साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, रात्री दोन वाजताही तुमच्या तोडीचा अनोळखी माणूस मिळतो. पण तुमची खोड ओळखणारा माणूस असा मिळत नाही, तो तयार व्हायला एकाच माणसाशी पुष्कळ डाव खेळावे लागतात. माझ्या मते या खेळांचा खरा नाद तिथं आहे. दहा खेळांचे डबे कपाटात लावणाऱ्यांना हे पटणार नाही, त्यांचं त्यांना लखलाभ.

म्हणून अर्जाच्या भरवशावर खेळ अडकवून ठेवू नका. दुपारचं रिकामं झेरॉक्सचं दुकान, ओळखीचं चहाचं हॉटेल, देवळाचा सभामंडप, कुठंही बसा, आणि चहावर सुद्धा पैज लावू नका. बघणाऱ्याला चहाच दिसतो आणि बोलणं सुरू होतं. अर्ज चालू ठेवायचाच असेल तर त्यात परदेशी नावं घालू नका, "बुद्धिबळ व तत्सम बैठे खेळ" एवढंच लिहा. पोच घ्या, आवक क्रमांक टाकून घ्या. उत्तर येईना तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. आमच्यातल्या एकानं तो टाकल्यावर फाइल कुठल्या टेबलावर झोपलीय एवढं तरी कळलं. अर्थात प्रत्येक कार्यालय असंच असतं असं नाही. तुमच्याकडचे साहेब बरे निघतीलही.

खाली एकानं लिहिलंय की एआयनं हे सगळे खेळ संपवलेत, आता खेळून काय मिळवायचं. 2016 मध्ये अल्फागो या गो खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामनं गोचा अव्वल खेळाडू ली सेडोलला 4-1 नं हरवलं, खरं आहे. चेकर्स (तिरक्या उड्या मारून सोंगट्या खायचा खेळ) तर 2007 मध्ये संगणकानं पूर्ण सोडवला, दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर बरोबरी. पण माझ्या समोर बसणाऱ्याला ते अचूक खेळणं पाठ नसतं, मलाही नसतं. आणि दुसरे एक पालक विचारतायत की नीटच्या तयारीला याचा उपयोग होईल का. माहीत नाही हो. पोरगं दिवसभर क्लासला बसलेलं असतं, एक तास तरी मार्कांशिवाय हरू-जिंकू द्या त्याला.

पहिला पट म्हणाल तर हेक्स. 11 बाय 11, षटकोनी घरं, आपल्या दोन समोरासमोरच्या कडा आपल्या रंगानं जोडायच्या, बस. यात बरोबरी होतच नाही, कुणीतरी जिंकतंच. पहिल्या दिवशी मित्राला पूल दाखवा. आपल्या दोन सोंगट्या अशा ठेवायच्या की त्यांच्यामध्ये दोन सामाईक रिकामी घरं राहतील. समोरच्यानं एक अडवलं की आपण दुसरं घ्यायचं, जोड तुटत नाही. हे दिसलं की नवखा माणूस पटाकडं वाकून बघायला लागतो. पहिली खेळी एकानं करायची आणि कोणती बाजू घ्यायची ते दुसऱ्यानं ठरवायचं, हा नियम पहिल्यापासून लावा. तो नसेल तर पहिला खेळणारा जिंकू शकतो हे जॉन नॅश या गणितज्ञानं 1940 च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध करून ठेवलंय. कसं जिंकायचं ते मात्र त्या सिद्धतेत नाही, म्हणून बरं.

किड्यांची चित्रं असलेल्या फरश्यांचा हाइव्ह हा खेळही चांगला आहे, पट लागत नाही, जड फरश्या पंख्यानं उडत नाहीत, पण आधी कुणाकडचा खेळून बघा, मगच पैसे घाला. गोसाठी 9 बाय 9 पासून सुरुवात करा, शिंप्याच्या सामानाच्या दुकानातली 40 काळी आणि 40 पांढरी बटणं पुरतात. पट कागदावर काढू नका, एप्रिल-मे मध्ये पंखा फुल ठेवावाच लागतो आणि डाव उडतो. फ्लेक्सवाल्याकडं बॅनरचे तुकडे पडलेले असतात, त्यावर छापून मागा. फक्त चकचकीत नको, मॅट हवं म्हणून बजावून सांगा, नाहीतर ट्यूबलाइट पटावर चमकते आणि निम्मी घरं दिसत नाहीत.