सेंटीमीटरचं नंतर बघू

बाय,

तुझं पत्र वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ, 'सहा सेंटीमीटर', हे त्यात जागोजागी आहे. पाळीत अंगावर किती जातं, रात्री उठून पॅड बदलावा लागतो का, वेर्ण्याच्या बसमध्ये लघवी आवरून धरावी लागते का, यातलं एक अक्षरही नाही. पणजीतल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं, मडगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिसरीने 'थांबून बघू' म्हटलं. आणि तू मला विचारतेस, यातलं खरं कोण?

अगं, तिघंही खरे असतील. त्यांच्यापुढे तू सोनोग्राफीचा कागद ठेवलास आणि गप्प बसलीस. कागदावरून जे ज्याला दिसलं ते त्याने सांगितलं. तुला त्रास काय आहे? मी हेच विचारणार, पुन्हा पुन्हा विचारणार. उपाय त्रासावर असतो. ज्या गाठीचा काही त्रास नाही ती गाठ पोटात घेऊन बायका म्हाताऱ्या होतात, आणि पाळी गेल्यावर ती बहुतेक वेळा आपोआप आकसते.

गाठ किती मोठी याच्या आधी ती कुठे आहे ते बघ. तुझ्या रिपोर्टात 'इन्ट्राम्युरल' लिहिलंय, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीत. पुढचा प्रश्न असा की ती आतल्या पोकळीला ढकलते का? आतल्या अस्तराखाली वाढते ती सबम्युकोझल, बाहेरच्या अंगाला वाढते ती सबसिरोझल. चपलेतला खडा मुगाएवढा असला तरी पाऊल टाकू देत नाही, अंगणातल्या धोंड्याला वळसा घालून माणूस वर्षानुवर्षं चालतो. आतली दोन सेंटीमीटरची गाठ एखादीला पांढरीफटक करते, बाहेरची सात सेंटीमीटरची दुसऱ्याच तपासणीत योगायोगाने सापडते. नुसत्या आकड्याला घाबरायचं की नाही, तूच ठरव.

कॅन्सरचं म्हणशील तर अशा गाठींत तो फार क्वचित निघतो. आणि 'लग्न झालं, एक मूल झालं की जिरतं सगळं' हे सांगणाऱ्या तुझ्या आत्येला माझा नमस्कार सांग. लग्नाने गाठ जिरत नाही.

आता तुझा त्रास रक्तस्रावाचाच आहे असं धरून चालते, कारण तुझी आई म्हणाली की जिने चढताना तुला धाप लागते. मग आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घे. बाईचं हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी म्हणजे पंडुरोग, 'बायकांचं एवढंच असतं' हे ऐकून घेऊ नकोस. लोहाची गोळी चहाबरोबर घेतलीस तर निम्मी वाया. पाळीच्या दिवसांपुरती घ्यायची ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी असते, तिने स्राव बऱ्यापैकी कमी होतो, हार्मोन नसतं. घरात कोणाला शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर तेवढं डॉक्टरांना सांग. चवथीच्या, गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी येतात, गणपतीवर फळांची माटोळी बांधायची म्हणून. त्याच गोळ्या गाठीवरचं औषध म्हणून स्वतःच्या मनाने चालू ठेवू नकोस. गर्भाशयात बसवायची हार्मोनची टी, मिरेना म्हणतात ती, रक्तस्राव चांगला आटोक्यात आणते. पहिले काही महिने मध्येच थोडंथोडं जात राहतं, त्याला कंटाळून बायका काढून टाकतात. पण गाठीने आतली पोकळी वाकडी केली असेल तर टी निसटू शकते. म्हणजे परत तोच प्रश्न, गाठ कुठे आहे.

गाठ आकसवणारी इंजेक्शनं आहेत, ल्युप्रोलाइडसारखी. ती खोटी रजोनिवृत्ती आणतात, फार दिवस घेतली तर हाडं विरळ होतात आणि थांबवली की गाठ परत वाढते. म्हणून ती बहुधा ऑपरेशनच्या आधी रक्त भरून काढायला देतात. मडगावच्या चिठ्ठीत युलिप्रिस्टल, गाठीवरचीच एक गोळी, आहे का ते बघून सांग. त्या औषधाने काही जणींचं यकृत निकामी झालं, म्हणून 2020 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी त्याच्यावर कडक बंधनं घातली. लिहून दिलं असेल तर यकृताची तपासणी कोण करणार आणि कधी, हे तोंडावर विचार.

माझं सांगते, कारण तू विचारलंयस. शाळेत शिकवत असताना मी खुर्चीवर जुनं वर्तमानपत्र घालून बसायची आणि वर पदर पसरायची. उठताना आधी मागे बघायचं, मग फळ्याकडे जायचं. गडद साड्या, कपाटात दुसरी साडी, आणि मुलांना वाटायचं बाई रागीट आहेत म्हणून चेहरा असा. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. दोन मुलं झाली होती, तिसरं नको होतं. गर्भपिशवी काढायची का, असं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. आता शिकलेल्या भाच्या येऊन सांगतात, मावशी, तेव्हा घाई केलीत, आता किती उपाय आहेत. असतील. तेव्हा माझ्यापुढे नव्हते. आणि खरं सांगायचं तर आज असते तरी मी बहुधा तेच केलं असतं, कारण मला दर महिन्याचा तो पाट एकदाचा संपवायचा होता आणि पिशवी गेली की गाठी परत येत नाहीत. माझा त्रास मला माहीत होता. पिशवीचं मला काडीचंही दुःख नाही.

दुःख आहे ते अंडाशयांचं. तीही काढली, आणि मला कळलं ते घरी आल्यावर काही महिन्यांनी, भर जानेवारीत रात्री अंथरूण भिजायला लागलं तेव्हा. कार्डावर तीन इंग्रजी अक्षरं होती, त्यांचा अर्थ कुणी सांगितला नाही. सही खिडकीवर आमच्या ह्यांनी केली होती. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, पुढे कॅन्सरची भीती नको म्हणून काढली. चाळिशी गाठायच्या आधी! माझं मनगट मोडलं ते अंगणात नुसतं घसरून, आणि त्या दिवशीही मला तीच तीन अक्षरं आठवली. अंडाशयांचा मला कसलाच त्रास नव्हता. गाठींच्या ऑपरेशनला ती काढावीच लागत नाहीत.

तुझ्या वयाला पिशवी काढायचा विषय निघू नये. निघालाच तर उठून दुसरीकडे जा. विनाकारण पिशव्या काढल्या जातात ही काही माझ्या डोक्यातली कुरबुर नाही. केंद्राने ते रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं केली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना ती लागू करायला सांगितलं.

तुला पुढे मूल हवंय, एवढं एकच वाक्य तुझ्या पत्रात ठाम आहे. मग तेही डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग, शेवटी दारात उभी राहून नको. तुझी गाठ पोकळीत घुसत असेल तर योनिमार्गे दुर्बीण घालून, पोटाला छेद न देता काढता येते का विचार. भिंतीतली असेल आणि काढायची ठरली तर पोटातून, दुर्बिणीने किंवा उघडून. तेव्हा रक्त किती जाऊ शकतं, टाका किती खोल, मूल राहण्याआधी किती महिने थांबायचं आणि बाळंतपण सिझेरियननेच होणार का, हे विचारून घे. गाठ काढली तरी नव्या येऊ शकतात, हे कुणी आपणहून सांगत नाही. दुर्बिणीने करणार असतील तर गाठ आत तुकडे करून काढणार का, आणि तुकडे पोटात सांडू नयेत म्हणून वेगळ्या बंद पिशवीत धरून करणार का, हेही. चुकून त्यात कॅन्सर निघाला तर तुकड्यांबरोबर तो पोटभर पसरू शकतो, म्हणून 2014 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तुकडे करणाऱ्या यंत्राबद्दल इशारा दिला होता.

रक्तवाहिनी बंद करून गाठ सुकवायची पद्धतही आहे, जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1995 मध्ये ती गाठींसाठी पहिल्यांदा मांडली. पोट कापावं लागत नाही, पण पहिले काही दिवस दुखतं चांगलंच, आणि मूल हवं असणारीला ती सहसा पहिली सांगत नाहीत. बाहेरून ध्वनिलहरींनी गाठ जाळणारं यंत्र मोजक्या ठिकाणी आहे आणि प्रत्येक गाठीला चालत नाही. नेटवर व्हिडिओ बघून त्याच्या मागे पुण्या-मुंबईला धावू नकोस, आधी एमआरआयमध्ये गाठ नीट बघून घे.

पैशांचं: दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं, कार्ड घरात असेलच. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाख. काय बसतं ते बांबोळीला सरकारी इस्पितळात किंवा जिथे करशील तिथे आधीच विचार. पण कार्डावर बसतं म्हणून ऑपरेशन, असं करू नकोस. आजारी तू आहेस, कार्ड नाही.

आणि त्रास नसेलच तर? तर थांबायचं. तिसरी डॉक्टर बरोबर असू शकते. सहा महिन्यांनी, मग वर्षाने सोनोग्राफी. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, दुर्लक्ष मी चिक्कार बघितलंय. तासाला एक पॅड भिजायला लागला, उभं राहिल्यावर अंधारी आली, अचानक पोटात असह्य कळ आली, तर रात्र असो की चवथ, गाडी काढायची.

पुढच्या दोन पाळ्या वहीत उतरव. तारीख, पॅड किती, गुठळ्या पडल्या का, कामावर गेलीस की नाही. मग ती वही घेऊन एकाच डॉक्टरकडे जा, आईला बाहेरच्या बाकावर बसव आणि आत तू बोल. काही विचारायचं राहिलं तर गुरुवारी सोडून कधीही फोन कर, गुरुवारी भजनाला असते.

बाई