टाकणखार लावूनही स्टेनलेसच्या दमास्कसचे थर का सुटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत घरामागे गॅसभट्टी आहे, साध्या पोलादाचे दमास्कस (पोलादाचे थर जोडून नक्षी उठवलेले) चाकू जमतात, पण पावसाळ्यात ते गंजतात. म्हणून 304 आणि 440सी (दोन्ही स्टेनलेसचेच प्रकार, 440सी धारेचा) यांच्या पट्ट्या एकावर एक रचून, टाकणखार (बोरॅक्स) घालून जोडायला गेलात आणि तिसऱ्या घणाला सगळं कांद्यासारखं उकललं. उष्णता कमी पडली का?

नाही. मी वेंगुर्ल्याकडचा. बरीच वर्षं टिग वेल्डिंगवर (आरगॉन वायूच्या आवरणात विजेने सांधण्यावर) पोट भरलं, आता घरामागच्या मांगरात चाकू करतो. माझ्याही पहिल्या दोन वड्या (बिलेटला मी वडीच म्हणतो) अशाच उकलल्या, आणि मीही भट्टीलाच शिव्या घातल्या होत्या.

साध्या पोलादावर तापल्यावर जो छिलका येतो तो लोखंडाचा ऑक्साइड. टाकणखार साधारण 740 अंशांना वितळतो, तो छिलका पोटात घेतो आणि घण बसला की रसासारखा बाहेर फेकला जातो. मागे उरतं उघडं लोखंड, ते चिकटतं. स्टेनलेसवर येतो क्रोमियमचा ऑक्साइड. स्टेनलेस गंजत नाही ते याच पापुद्र्यामुळे. तो डोळ्यांना दिसत नाही, घासला तर क्षणात परत येतो, वितळतो 2400 अंशांच्या वर, आणि टाकणखार त्याला फारसा विरघळवू शकत नाही. म्हणजे तुम्ही दोन पट्ट्यांच्या मध्ये स्वतःच एक कागद ठेवून वर घण मारत होतात. 304 मध्ये क्रोमियम 18 टक्के, 440सी मध्ये 17 च्या आसपास. बेअरिंगच्या पोलादात जेमतेम दीड टक्का असतं, तरी तेवढ्यानेसुद्धा जोड कुरकुरतो, हे तुम्ही अनुभवलं असेल.

फ्लोराइड घातलेला फ्लक्स (टाकणखारासारखं जोडाला लावायचं रसायन) हा पापुद्रा खातो असं कुणीतरी सांगेल. खातो, खरं आहे. पण त्याचा धूर फुप्फुसंही खातो. घरामागच्या भट्टीत तो नकोच.

तर मग हवा आतच जाऊ द्यायची नाही. सगळी विद्या एवढीच, पण ती पाळणं जिकिरीचं आहे. प्रत्येक पट्टी दोन्ही अंगांनी 120 नंबरच्या घासपट्ट्यावर घासून सपाट करा. उजेडासमोर दोन पट्ट्या जुळवून धरल्या तर मधून फट दिसता कामा नये. ॲसिटोनने पुसल्यावर हात लावू नका, बोटांचं तेलही नडतं. रचून क्लॅम्प करा आणि चारही बाजूंच्या शिवणी टिगने बंद करा, एक सुईएवढं भोकही न ठेवता. आत आरगॉन फिरवल्याशिवाय वेल्डिंग केलंत तर शिवणीच्या मागच्या अंगाला काळा रवाळ थर येतो, आम्ही त्याला शुगरिंग म्हणतो. मी एका टोकाला बारीक नळी ठेवून आरगॉन सोडत राहतो आणि ते भोक सगळ्यात शेवटी बुजवतो. काही जण आत कागदाचा कपटा ठेवतात, तो जळून उरलासुरला प्राणवायू संपवतो. तेही चालतं, पण मला आरगॉनवर जास्त भरवसा.

आता आपल्याकडची खास अडचण: दमट हवा. माझी एक वडी जुलैत केली होती. शिवणी अगदी पक्क्या, तरी मधले दोन थर सुटले. कापून पाहिलं तर आत हिरवट काळी झाक. रचलेल्या पट्ट्या रात्रभर मांगरात पडून राहिल्या होत्या, ओल आत तशीच बंद झाली, आणि तापल्यावर त्या वाफेनेच क्रोमियमचा ऑक्साइड केला. तेव्हापासून पट्ट्या आधी ओव्हनमध्ये सुकवतो आणि घासल्यापासून तासाभरात बंद करतो. जून ते सप्टेंबर नवी वडी शक्यतो रचतच नाही, त्या दिवसांत मुठी आणि म्यानं करतो.

तापवताना घाई नको. 304 मधून उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वेगाने आत जाते. बाहेरून पिवळं दिसतं तेव्हा पोट अजून लालच असतं. जाडीच्या प्रत्येक इंचाला अर्धा तास तरी 1150 अंशांवर मुरू द्या. पहिला दाब प्रेसने, सावकाश. घणाच्या दणक्याने न जुळलेले थर एकमेकांवरून उडतात. आणि हे पोलाद तापलेलं असतानाही हट्टी असतं, 950 च्या खाली ठोकलंत तर कडेला चिरा पडतात, 1200 च्या वर नेलंत तर 440सी घणाखाली भुसभुशीत होऊन तुटतं. लोणारी कोळशाच्या भात्यावर एवढी अरुंद चौकट सांभाळणं मला जमलेलं नाही. गॅस आणि थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार), नाहीतर इलेक्ट्रिक भट्टी.

जुळलेली वडी खाली ठेवतानाही जपा. मी पहिली जुळलेली वडी आनंदाच्या भरात ओल्या जांभ्यावर ठेवली आणि चहा प्यायला गेलो. कप तोंडाला लावतोय तोच मागून टक्कन आवाज. 100 मिलिमीटरची पट्टी हजार अंश थंड होताना 304 पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास आखडतं, 440सी साधारण एक. शिवाय 440सी हवेतच कडक होतं आणि कडक होताना फुगतं. एक आखडतोय, दुसरा फुगतोय, मध्ये जोड बिचारा.

हवेत कडक होणं ही दुसरी डोकेदुखी. साधं पोलाद भाताच्या तुसाच्या राखेत पुरलं की सकाळी कानस चालते. हे राखेत पुरूनही कानशीला दाद देत नाही. 750 अंशांना दोन तास ठेवून मग भट्टीतच निवू द्यावं लागतं, तेव्हा कुठे करवत लागते. आणि नक्षीसाठी थर वाढवायचे तर कापणं, घासणं, पुसणं, टिग, आरगॉन हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. साध्या पोलादाच्या वडीला ब्रश मारून टाकणखार टाकून जी घडी दहा मिनिटांत घालतो, तिला इथे दोन दिवस जातात. स्वीडनची डॅमास्टील कंपनी पट्ट्यांच्या भानगडीत न पडता पोलादाची भुकटी डब्यात भरून दाबते, ते उगाच नाही.

पाणी द्यायची, म्हणजे पातं कडक करायची, पद्धतही वेगळी. पातं स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात गुंडाळून 1050 च्या आसपास तापवायचं आणि ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबायचं. तेल नको. त्यानंतर खूप खाली गार केलं तर कडकपणा वाढतो, पण घरच्या फ्रीजरचं उणे 18 त्याला फार पुरत नाही. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजन वापरतात, उणे 196 अंश, म्हणून मी एकदा थर्मास घेऊन विचारायला गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, त्यावरून परत गेलो नाही. टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पातं पुन्हा तापवणं) 180 च्या आसपास, दोन वेळा.

नक्षी उठवायला फेरिक क्लोराइडच, फक्त कोमट आणि बराच वेळ. 304 चकचकीत राहतं, 440सी काळवंडतं.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. हा सगळा खटाटोप गंजापासून सुटका म्हणून करत असाल तर करू नका. खाऱ्या वाऱ्यातला क्लोराइड स्टेनलेसलाही टोचतो. त्यातून 440सी मधलं कार्बन शेजारच्या 304 मध्ये जातं, क्रोमियमला धरून बसतं, आणि जोडाच्या रेघेवर गंजरोधकपणा कमी होतो. आमसुलाचं पाणी आणि मीठ लागलेलं पातं न धुता रात्रभर ठेवलंत तर सकाळी नेमके त्या रेघांवर तपकिरी ठिपके दिसतील. माझी आई रोज मासे कापते ती नुसत्या 440सी च्या सुरीने. दमास्कसची दाखवली तर म्हणाली, "मिया नक्षी बघीत बसू काय बांगडे कापू?"

नक्षीसाठीच करायचं असेल तर मात्र तीन थरांपासून सुरुवात करा: मध्ये धारेचं पोलाद, दोन्ही बाजूंना 304, जाडी अगदी सारखी, नाहीतर पातं केळीच्या पानासारखं वाकतं. दार-खिडक्या उघड्या ठेवा, स्टेनलेसच्या वेल्डिंगचा धूर साध्यापेक्षा जास्त घातक आहे. पहिली वडी चाकूसाठी नाहीच असं समजून निवल्यावर मधोमध कापा, पॉलिश करा, फेरिक क्लोराइडमध्ये बुडवा आणि भिंगातून पाहा. जोडाच्या जागी अखंड काळी रेघ दिसली तर हवा आत गेली होती. तुटक ठिपके दिसले तर सफाईत कमी पडलात. फक्त मध्यभागीच रेघ असेल आणि कडा जुळलेल्या असतील तर मुरायला वेळ कमी दिलात. कापलेल्या तुकड्याचा फोटो प्रतिसादात टाका, बघून सांगतो.