वाचकांचे प्रश्न : धुण्याचा अतिरेक आणि न थांबणारी खाज

प्रश्न : माझे वय एकेचाळीस वर्षे आहे. गेले काही महिने गुदद्वाराभोवती सतत खाज येते आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ती असह्य होते. शौचानंतर मी प्रत्येक वेळी जंतुनाशक साबणाने दोन-तीनदा धुतो, जेट स्प्रेचा जोर वाढवून आतूनही स्वच्छ करतो आणि बाहेर असताना सुगंधी वेट वाइप्स वापरतो. तरीही स्वच्छ झाल्याचे समाधान मिळत नाही. डॉक्टरांकडे जाण्यास संकोच वाटतो. स्वच्छतेसाठी आणखी काय करावे? (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : आणखी काय करावे, असे आपण विचारले आहे, परंतु आपले पत्र वाचल्यावर प्रथम सुचते ते हे, की आपण जे करत आहात त्यातील बरेचसे थांबवायला हवे. अस्वच्छतेमुळे खाज येते, या समजुतीने बहुतेक जण धुणे वाढवत नेतात आणि त्या वाढलेल्या धुण्यानेच खाज टिकून राहते.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ५ ते ६ च्या दरम्यान असतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० इतका असतो. दिवसातून अनेकदा असा साबण लावला की त्वचेवरील स्निग्ध थर निघून जातो, ती कोरडी पडते आणि तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. शिवाय गुदद्वाराभोवतीची त्वचा घड्यांची असल्याने साबणाचा अंश तिथे अडकून राहतो. मग मलाचा किंवा घामाचा किंचित स्पर्शही झोंबतो, आपण खाजवता, नखांनी त्वचा आणखी सोलवटते, आणि बरे होऊ पाहणारी त्वचा पुन्हा खाजते. हे चक्र तोडणे हाच खरा उपचार आहे.

जेट स्प्रेने आतून धुणे तर आजच बंद करावे. गुदद्वाराच्या आतील भागाला श्लेष्माचे नैसर्गिक संरक्षण असते आणि त्याला बाहेरून धुण्याची गरज नसते. जोराने आत गेलेले पाणी लगेच पूर्णपणे बाहेर येत नाही. ते अर्ध्या-एक तासात मलाचा अंश घेऊन हळूहळू पाझरते. आपल्याला समाधान मिळत नाही, त्याचे एक कारण बहुधा हेच असावे : पाझर जाणवतो, म्हणून आपण पुन्हा धुता, आणि पुन्हा पाणी आत जाते.

वेट वाइप्सविषयीही सावध राहायला हवे. त्यांतील सुगंधी द्रव्ये आणि परिरक्षके, म्हणजे उत्पादन खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायने, यांची ॲलर्जी येऊ शकते. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे त्यांपैकी एक परिरक्षक इतके उपद्रवी ठरले की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साली त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले, आणि युरोपीय संघात २०१७ पासून त्वचेवर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरण्यास मनाई आहे. बाहेर असताना साध्या पाण्याने ओला केलेला मऊ टिश्यू पुरतो.

आता योग्य पद्धत पाहू. शौच पूर्ण झाल्यावर कोमट किंवा साधे पाणी मंद धारेने सोडावे आणि बोटांच्या मऊ पेरांनी, नख लागू न देता, बाहेरची त्वचा हलकेच धुवावी. साबण नको, अगदी हवाच असेल तर सुगंधरहित, सौम्य क्लेन्झर थोडासा घेऊन लगेच धुऊन टाकावा. त्यानंतर कोरडे करणे हा भाग बहुतेक जण घाईत उरकतात. वास्तविक धुण्याइतकेच त्याला महत्त्व आहे. मऊ सुती कापड किंवा टिश्यू त्वचेवर काही क्षण दाबून धरावा आणि ओल टिपून घ्यावी; घासू नये. घड्यांमध्ये ओल राहिली तर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. त्वचा सोलवटलेली असेल तर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा, म्हणजे मल व घाम थेट त्वचेला लागत नाहीत. टाल्कम पावडर लावू नये, कारण ती ओलीने गोळा होऊन घड्यांत अडकते. धुऊन झाल्यावर हात मात्र साबणाने किमान २० सेकंद धुवावेत. साबणाची खरी जागा तीच आहे.

मल चिकट किंवा पातळ होत असेल तर कितीही धुतले तरी अंश मागे राहतो. म्हणून आहारातील चोथ्याचे प्रमाण दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत हळूहळू वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. कुंथत बसू नये. मोबाइल घेऊन शौचालयात जाण्याची सवय असेल तर तो बाहेरच ठेवावा, कारण तिथे रेंगाळल्याने गुदद्वाराच्या शिरांवर विनाकारण ताण पडतो.

रात्रीसाठी नखे बारीक कापलेली असावीत आणि अंतर्वस्त्र सैल, सुती असावे. मनानेच आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, आणि मुळात बुरशीचा संसर्ग असेल तर तो अधिक पसरतो. दोन-तीन आठवडे हे सारे पाळूनही फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक यांना दाखवावे. त्यांच्यासाठी ही नित्याची तक्रार आहे; संकोच फक्त आपल्या बाजूला आहे.

प्रश्न : माझी पाच वर्षांची मुलगी रात्री झोपेतून उठून शौचाच्या जागी खाज येते म्हणून रडते. दिवसा ती व्यवस्थित असते. मी तिला नीट स्वच्छ करत नाही का?

उत्तर : स्वत:ला दोष देऊ नये. लहान मुलांत रात्रीच उद्भवणारी अशी खाज बहुधा बारीक, पांढऱ्या, दोऱ्यासारख्या कृमींमुळे असते. त्यांची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि तोंडावाटे पुन्हा पोटात जातात. सकाळी धुण्यापूर्वी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून काढली तर तपासणीत अंडी दिसू शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे, आणि दोन आठवड्यांनी दुसरा डोस चुकवू नये, कारण पहिल्या डोसाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात, म्हणून चादरी व अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुवावीत आणि मुलीला सकाळी अंघोळ घालावी.

मुलीला धुताना हात नेहमी पुढून मागे न्यावा. उलट दिशेने धुतल्यास आतड्यातील जंतू मूत्रमार्गापर्यंत पोहोचून संसर्ग होऊ शकतो. प्रौढ स्त्रियांनाही हे लागू आहे.

प्रश्न : फिशरमुळे, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या भेगेमुळे, शौचानंतर धुताना डोळ्यांत पाणी येते. धुणे टाळावे का?

उत्तर : टाळू नये, पद्धत बदलावी. स्पर्शच सहन होत नसेल तर टबात कोमट पाणी घेऊन १० ते १५ मिनिटे कटिस्नान करावे, म्हणजे कमरेखालचा भाग पाण्यात बुडेल असे बसावे. शौचानंतर आणि दिवसातून आणखी एक-दोनदा ते केल्यास गुदद्वाराचा आवळलेला स्नायू सैल पडतो आणि वेदना कमी होतात. पाण्यात जंतुनाशक द्रव मिसळण्याची गरज नाही. त्याने जखम उलट झोंबते. नंतर हलकेच टिपून कोरडे करावे. मल मऊ राहील याची काळजी घेतल्याशिवाय भेग भरून येणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

रक्त पडत असेल तर ते फिशरचेच आहे असे घरच्या घरी ठरवू नये. रक्तस्राव वारंवार होणे, मल काळा पडणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल होणे, कारण नसताना वजन घटणे, गाठ लागणे, पू येणे किंवा वेदनेबरोबर ताप येणे यांपैकी काहीही असल्यास लगेच डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.